पुढचं उजवं चाक

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, ही तक्रार पहिल्यांदा वहिनीनेच केली. एका मंगळवारी जेवताना, ताटावरून नजर न उचलता, एखाद्या पेशंटची हकिगत सांगावी तशी तिने ती सांगितली. आप्पा म्हणाले, "जुनी गाडी आहे, चालायचंच." दादा म्हणाला, "विकून टाकू." गाडीविषयी दादाचं मत नेहमी हेच असे. गाडीत बसलं की त्याला मळमळायचं, त्यामुळे तो कॉलेजात शिकवायला चालत स्टेशनवर जाऊन लोकल पकडत असे आणि घरच्या गाडीकडे ती शेजाऱ्याची असल्यासारखं बघत असे.

आम्ही गुंदवलीत राहत होतो, अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला. आप्पा म्हणजे माझे वडील. एका सॉलिसिटरच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दादा माझा थोरला भाऊ, आणि वहिनी डॉक्टर. ती बाळंतपणं करायची. पन्नासच्या दशकात स्टेशनपासून पूर्वेला थोडं गेलं की भातखाचरं, दगडाच्या खाणी आणि गावठाणं लागत. चकाला, मरोळ, कोंडिविटा, साकीनाका या बाजूच्या बायका दवाखान्यात येत नसत. अडलं की घरातला पुरुष सायकलवरून आमच्या फाटकाशी येई आणि सायकलची घंटी वाजवत उभा राही. वहिनी बॅग उचलून निघे. टांगा मिळेपर्यंत थांबायची वेळ आली, तर पोचल्यावर बऱ्याचदा करण्यासारखं काही उरलेलं नसे. म्हणून गाडी.

गाडी युद्धापूर्वीची, विलायती, काळी. कचेरीतला गोरा साहेब मायदेशी जाताना ती आप्पांनी त्याच्याकडून घेतली, आणि गाडीबरोबर साहेबाचा ड्रायव्हरही आमच्याकडे आला. तो मालवणचा. बरीच वर्षं वहिनीला त्यानेच गावागावांत नेलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्याने आपण होऊन गाडी सोडली. जाण्यापूर्वी मागच्या मोकळ्या मैदानात त्याने वहिनीला गाडी शिकवली. "बाईनु, पाय हळू दाबा, घोडो न्हय तो," हे त्याचं वाक्य आमच्या घरात पुढे पुष्कळ वर्षं वापरात राहिलं. वहिनी लायसन्सची परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाली. गणपती आटोपले आणि ड्रायव्हर गावी गेला. तेव्हापासून गाडी तिची ती चालवू लागली.

आमच्या गल्लीत बाईने गाडी चालवणं नवीन होतं. कोणी विरोध केला नाही. फक्त गाडी निघाली की गच्च्यांवर आणि खिडक्यांत माणसं दिसत. समोरच्या बंगल्यातले वकील रोज संध्याकाळी आप्पांच्या झोपाळ्यावर येऊन बसत. पुढच्या एका चाकाचा ब्रेक लागताना किंचाळे. गाडी फाटकात शिरताना तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. वकील म्हणत, "आप्पा, सूनबाई आल्या वाटतं. ब्रेक दाबतात की हार्मोनियमचा भाता?" आप्पा हसत. त्यांना ते आवडत नसे, हे त्यांनी झोपाळ्याला दिलेल्या रेट्यावरून कळायचं.

आप्पांना आवाजच आवडत नसत. रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी, ते तेलाची बाटली आणि एक पीस घेऊन घरभर फिरत. तेल खोबरेल. आम्ही मूळचे कोकणातले. आमच्या घरी डोक्याला, कढईला आणि बिजागरीला एकच तेल चाले. मागच्या दाराच्या बिजागऱ्या, विहिरीची कप्पी, झोपाळ्याच्या कड्या, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. शेवटी आईचं शिवणाचं मशीन. आई गेल्यानंतर त्या मशीनवर कोणी बसलं नव्हतं. तरीही त्याच्या अंगावरच्या प्रत्येक भोकात एकेक थेंब सोडून, चाक हाताने फिरवून, आप्पा झाकण लावत. ती भोकं तेलासाठी असतात हे त्यांना आईनेच दाखवलं होतं. ड्रायव्हर होता तोवर रविवारी तो बादली घेऊन गाडी धूत बसे, आणि आप्पा बाटली घेऊन जवळ आले की म्हणे, "आप्पानु, तुमी झोपाळ्याक तेल घाला. गाडयेचा मी बघतंय."

वहिनीची तक्रार काही दिवसांनी पुन्हा आली, मग पुन्हा आली. कधी गाडी सरळ थांबे, कधी डावीकडे ओढे. जुन्या गाडीचे इतर आवाज तर होतेच. डाव्या दाराची काच खुळखुळे. गिअर बदलताना खालून कण्हल्यासारखा आवाज येई. वळणावर सीटखालून ठणठण ऐकू येई. त्या ठणठणीचा शोध आम्ही बरेच दिवस घेत होतो. शेवटी ती वहिनीच्या उकळलेल्या हत्यारांच्या डब्याची निघाली. डब्याभोवती जुना टॉवेल गुंडाळल्यावर ती बंद झाली. वहिनी म्हणाली, "निदान एक पेशंट बरा झाला."

ओढण्याचं मात्र काही कळेना. वकिलांना कळलं होतं. "गाडी तीच, रस्ता तोच, ब्रेक तोच. बदललं काय?" ते आप्पांना म्हणाले. "ड्रायव्हर. बाकी मी काही बोलत नाही बुवा." त्यांच्या एका नातेवाइकाला जुनी गाडी हवी होती, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितलं.

त्यानंतर कोंडिविट्याच्या उतारावरचा प्रकार घडला. तो सोमवार होता. लेण्यांच्या बाजूच्या एका वाडीतून बोलावणं आलं. वहिनी उतरणीला लागली आणि समोरून तबेल्याकडे निघालेल्या म्हशी रस्त्यावर आल्या. तिने ब्रेक दाबला. गाडी थांबण्याऐवजी डावीकडे वळली, रस्ता सोडून खाली उतरली आणि खाचराच्या बांधाला टेकली. कोणाला लागलं नाही. पुढचा दिवा फुटला. वहिनी बॅग घेऊन उरलेलं अंतर चालत गेली. बाळ आडवं होतं. ती पोचली तेव्हा सुईणीने प्रयत्न सोडून दिले होते. बाळ आणि बाळंतीण दोघं वाचली. संध्याकाळी वाडीतल्या चार गड्यांनी गाडी उचलून रस्त्यावर ठेवली.

घरी आल्यावर वहिनीने सगळं क्रमाने सांगितलं. गाडी बांधाला टेकल्यावर तळणाचा वास येत होता, हेसुद्धा. जवळच्या झोपडीत कोणी काही तळत असावं, असं तिला वाटलं. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही, मीही नाही.

आप्पांनी त्याच संध्याकाळी निर्णय दिला. ते रागावलेले नव्हते. कचेरीतल्या सवयीने ते दोन्ही बाजू ऐकून बोलत. "दोष गाडीचा असेल तर गाडी दुरुस्त करू. दोष हाताचा असेल तर गाडी वकिलांच्या पाहुण्यांना देऊ आणि टांगा महिन्याने बांधून घेऊ. पण दोन्हींपैकी काय, ते मला कळलं पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू छापखान्यात रोज दुसऱ्यांच्या बातम्या तपासतोस ना? ही एक घरची तपास."

वहिनी म्हणाली, "आप्पा, टांगा मरोळच्या पुढे जायला तयार होत नाही."

"मला माहीत आहे," आप्पा म्हणाले. "पण उद्या तूच नसलीस तर मरोळला कोण जाणार?"

तिची गाडी गेली तर कोंडिविट्याचं बोलावणं तिला घेता येणार नव्हतं. ती चालवत राहिली तर पुढच्या उतारावर बांध असेलच असं नव्हतं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

मी फोर्टातल्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. दुपारी जायचं, रात्री परतायचं. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. त्या शनिवारी मी आणि वहिनी गाडी घेऊन साकीनाक्याला गेलो. तेव्हा तिथे वर्कशॉपांची वस्ती नुकती उभी राहत होती. कुर्ला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडी, लेथ, आणि मधूनमधून भाताची शेतं. आमचा मिस्त्री युद्धात लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत असे आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. "ब्रह्मदेशात डोंगरावरनं ट्रक उतरवलेत आपण," तो म्हणाला. "हे तर खेळणं आहे, साहेब."

त्याने चाकाच्या मधली टोपी काढली. आतल्या ड्रमला एक भोक होतं. त्यातून पेचकस घालून त्याने ब्रेक आवळला. तसंच चारही चाकांना केलं. भोकांना पूर्वी रबरी बुचं असत, ती केव्हाच पडून गेली होती. मग तो स्वतः गाडीत बसला, वेग घेतला आणि जोरात ब्रेक दाबला. चाक किंचाळलं आणि गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा सरळ.

"गाडी एकदम झकास," तो खाली उतरून म्हणाला. "लायनिंग जुनं आहे, बोंबलणारच. बोंबलू द्या. आता बघा बाई, राग नका मानू, पन लेडीज लोक घाबरून ब्रेक मारतात ना, तेव्हा हात पन खेचला जातो. स्टेरिंग डावीकडं जातं. कळत नाय आपल्याला."

वहिनी म्हणाली, "तुम्ही म्हशींसमोर मारून बघा ब्रेक, मग सांगा."

"म्हशी आणू कुठनं?" मिस्त्री म्हणाला, आणि शेडीतली माणसं हसली.

परतताना गाडी वहिनीने चालवली. सगळ्या वळणांवर, फाटकाशी, सगळीकडे गाडी सरळ थांबली. तपासाचा निकाल तिच्या विरुद्ध लागला होता आणि तो तिच्या स्वतःच्या हातानेही खोटा ठरत नव्हता. संध्याकाळी मी आप्पांना जे पाहिलं ते सांगितलं. आप्पा म्हणाले, "ठीक. महिनाअखेर वकिलांना कळवतो." त्यांनी लगेच कळवलं नाही, एवढीच सवलत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी वहिनी चकाल्याला जाऊन आली आणि गाडी पुन्हा डावीकडे ओढली. चकाल्याच्या देवळाशी ती एका हातगाडीला घासता घासता वाचली. या वेळी तिने घरी कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही मी जेवून ऑफिसला निघण्याच्या बेतात होतो तेव्हा, व्हरांड्यात उभी राहून.

"भावोजी, मी वेडी झाले असेन," ती म्हणाली. "परवा सरळ थांबत होती. मीच थांबवत होते ना?"

"तूच."

"मग शनिवारी माझा हात बरा असतो आणि सोमवारी बिघडतो की काय?"

ती हे चिडून म्हणाली होती. ऑफिसला जाताना मला तेच पुन्हा आठवलं. वर्तमानपत्रात काय घडलं याबरोबर केव्हा घडलं हेही विचारायचं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि मी ते विचारलं नव्हतं. म्हशींचा प्रकार सोमवारचा. पहिली तक्रार मंगळवारची. मधल्या तक्रारीही, जेवढ्या मला आठवत होत्या, आठवड्याच्या सुरुवातीच्या होत्या. शनिवारची एकही नव्हती. आणि मी तपासाला गेलो होतो तो शनिवारी, कारण माझी सुट्टी त्या दिवशी होती.

दुसरी एक गोष्ट रात्री परतल्यावर वहिनीला विचारली. सोमवारी ब्रेक किंचाळतो का? तिने क्षणभर विचार केला. "नाही," ती म्हणाली. "सोमवारी गाडी अगदी गप्प असते. मला बरं वाटायचं त्याचं. वकील काही बोलत नाहीत त्या दिवशी."

म्हणजे गाडी ओरडे तेव्हा नीट थांबे, आणि गप्प असे तेव्हा ओढे. याचा अर्थ दोघांनाही लागला नाही. पण दिवस ठरला. मी सहकाऱ्याबरोबर सुट्टी बदलून घेतली आणि पुढच्या सोमवारी सकाळीच आम्ही साकीनाका गाठला. वहिनी सबंध रस्ताभर बैलगाडीच्या वेगाने आली.

मिस्त्री वैतागला. "परत काय झालं? मी बोललो ना, गाडी झकास आहे."

"आज पुन्हा चालवा," मी म्हणालो.

"आज काय वेगळी झाली?"

"तेच बघायचंय."

तो बसला, मागच्याच ऐटीत वेग घेतला आणि ब्रेक दाबला. आवाज आला नाही. गाडी डावीकडे फिरली आणि रस्त्याकडेच्या पानवाल्याच्या बाकड्यासमोर, हातभर अंतरावर, थांबली. बाकड्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला होता. पानवाल्याने मिस्त्रीला त्याच्या सात पिढ्यांसकट हाक मारली. मिस्त्री खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

वहिनी त्याला म्हणाली, "मिस्त्री, घाबरलात का? घाबरल्यावर हात खेचला जातो म्हणतात."

"वाट लागली असती, बाई," तो म्हणाला. मग कानाची पाळी पकडून, "आपली चुकी. काढतो चाक."

चाक काढताना तो बोलत होता. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक पकडतो, उजवा पकडत नाही, म्हणून बघायचं ते उजवं चाक. पुढचं उजवं. ड्रम बाहेर आला. आतलं, ड्रमला घासणारं लायनिंग ओलं, काळपट, चकचकीत होतं. मिस्त्रीने बोट फिरवलं. "ग्रीस उतरलंय. ग्रीस अडवणारी आतली सील गेली." त्याने सील काढून उजेडात धरली. सील कोरडी होती आणि धड होती. त्याने ती पुन्हा उलटून पाहिली.

ड्रम अजून गरम होता. शेडीत लोखंडाचा, पेट्रोलचा वास नेहमीचाच, पण त्यात दुसरा एक वास मिसळला होता. वहिनी वाकली. तिने बोट लायनिंगवर टेकवलं, नाकाशी नेलं, मग डाव्या हाताच्या मागच्या बाजूला ते चोळून पाहिलं.

"तळणाचा वास," ती म्हणाली. "कोंडिविट्याला आला होता तोच. भावोजी, हे ग्रीस नाही. हे खोबरेल आहे."

मिस्त्री म्हणाला, "खोबरेल? गाडीत? चेष्टा करता का, बाई? गाडीत खोबरेल कोण घालील?"

आमच्या फाटकातून आत आलं की गाडी डावीकडच्या कुंपणाला लागून उभी राही, आणि तिची उजवी बाजू व्हरांड्याकडे येई. व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या हाताशी पुढचं उजवं चाक असे. ड्रायव्हर गेल्यापासून रविवारी गाडीजवळ कोणी नसे. तेल पडलं की सोमवारी ब्रेक गप्प आणि घसरता. आठवडाभर वापरून तेल जळून जाई, की शनिवारी तो पुन्हा किंचाळे आणि पकडे. आप्पा किंचाळणं ऐकत आणि पुन्हा रविवार येई.

मिस्त्रीने लायनिंग पेट्रोलने धुतलं, कानशीने घासलं, पुसलं. मग त्याने गाडी चालवून दाखवली. ती किंचाळत सरळ थांबली. पानवाल्याने लांबूनच हात जोडले.

परतताना गाडी वहिनीच चालवत होती. मरोळ नाक्याच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"आप्पांना काय सांगायचं?" तिने विचारलं.

"जे निघालं ते."

"त्यांनी दर आठवड्याला हाताने घातलंय ते. माझ्यासाठी घातलंय. वकिलांचं तोंड बंद व्हावं म्हणून." ती थांबली. "म्हशींच्या दिवशी मी मेले असते, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायला लावू?"

"नाही सांगितलं तर गाडी जाते."

"माहीत आहे."

"सील बदलली म्हणून सांगू. आणि रविवारी मी गाडी बाहेर काढून ठेवीन."

"किती रविवार?" ती म्हणाली. तिने गिअरवर हात ठेवला. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं तेवढंच सांगायचं. त्यापुढे एक शब्द नाही. आणि खोटं नाही." तिने गाडी सुरू केली.

संध्याकाळी आप्पा झोपाळ्यावर होते. वकील त्यांच्या शेजारी. गाडी किंचाळत आत आली होती ते दोघांनी ऐकलेलं होतं. वहिनी चहा घेऊन आली आणि कधी नव्हे ती दाराशी उभी राहिली.

"काय निघालं?" आप्पांनी विचारलं.

"दोष गाडीचा," मी म्हणालो. "आज मिस्त्रीनेच चालवली. त्याच्याही हातात डावीकडे गेली."

वकील म्हणाले, "अरे वा! म्हणजे मिस्त्री पण सूनबाईंकडूनच शिकला म्हणायचा."

आप्पा हसले नाहीत. "गाडीचा म्हणजे कशाचा?"

"पुढच्या उजव्या चाकात तेल जातं. त्यामुळे तो ब्रेक पकडत नाही."

"इंजिनाचं?"

"नाही."

"मग कुठून जातं?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाहेरून, आप्पा."

आप्पांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. कड्यांचा आवाज आला नाही, त्यांना कालच तेल मिळालं होतं. ते पायरीपलीकडे उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होते. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. खटल्यातला कागद वाचताना ते असेच दिसत.

"कुठलं तेल?" त्यांनी विचारलं.

"खोबरेल," वहिनी म्हणाली.

वकील म्हणाले, "खोबरेल? मग गाडीचे केस चांगले—" आणि थांबले, कारण आप्पा उठले होते.

"मग ते माझं," आप्पा म्हणाले.

ते पायऱ्या उतरून चाकाशी गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी टोपी स्वतः काढली, सराईतपणे, आणि भोकावर बोट ठेवलं. "ड्रायव्हर गेल्यावर मिस्त्री एकदा घरी ब्रेक आवळायला आला होता, तेव्हा त्याने यात पेचकस घातला होता. मी वर पायरीवर बसलो होतो. मला वाटलं, मशीनसारखंच असेल. मशीनला भोक असतं ते तेलासाठी." मग त्यांनी विचारलं, "कोंडिविट्याला हेच?"

वहिनी म्हणाली, "हो."

ती त्याला काही जोडून सांगेल असं मला वाटलं. तिने जोडलं नाही. आप्पांनी टोपी परत बसवली. ती नीट बसली की नाही, हे त्यांनी तळव्याने दाबून पाहिलं.

वकील जाण्यासाठी उठले तेव्हा आप्पा त्यांना म्हणाले, "पाहुण्यांना सांगा, दुसरी गाडी बघा. ही घरात लागते." वकिलांनी यावर काही म्हटलं असेल, पण ते फाटकाजवळ गेल्यावर, ऐकू न येण्यासारखं.

पुढच्या रविवारी आप्पा नेहमीप्रमाणे बाटली आणि पीस घेऊन फिरले. बिजागऱ्या, कप्पी, झोपाळा, मशीन. मग ते पायरीवर बसले. त्यांनी बाटलीचं बूच काढून चाकूने तासायला घेतलं, मधूनमधून उठून ते चाकातल्या भोकाला लावून पाहायचं आणि पुन्हा थोडं तासायचं. वहिनी बॅग घेऊन बाहेर आली. फाटकाशी सायकलवाला उभा होता.

"थांब," आप्पा म्हणाले. "एवढं बसू दे."

ती थांबली. बूच बसलं. आप्पांनी अंगठ्याने ते दाबलं, वर टोपी लावली आणि बाजूला झाले. ती गाडीत बसली तेव्हा ते खिडकीशी वाकून म्हणाले, "फाटकाशी एकदा दाबून बघ."

फाटकाशी तिने ब्रेक दाबला. चाक किंचाळलं. समोरच्या बंगल्याची खिडकी उघडली. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ते तिथेच उभे होते, हातात उघडी बाटली धरून. नंतर बाटलीच्या तोंडात त्यांनी चिंधीचा बोळा कोंबला. ती बाटली पुढे कायम तशीच राहिली. नवं बूच त्यांनी कधी आणलं नाही.